पाकीट तेच होतं

माझ्या घरात ही गोष्ट अजून कुणालाच माहीत नाही. मंगलला नाही — आणि बायकोपासून माझं सहसा काही लपत नाही, बीपीची गोळी चुकली तरी तिला कळतं. वैशूला नाही. सायलीला तर नाहीच. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तीन-चार वेळा अगदी तोंडाशी आलेलं. दर वेळी मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. आज लिहितोय, कारण बोलताना मध्येच थांबलो असतो, समोरचा म्हणाला असता जाऊ दे, आणि मीही जाऊ दिलं असतं.

सुरुवात कुठून करू? किराण्यापासूनच करतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

दुकानात फळीपुढे उभं राहून दोन हातांत दोन पाकिटं घेऊन तुम्हीही कधी विचार केला असेल — हे घेऊ की ते? एक महागाचं, गुळगुळीत, त्यावर शेताचं चित्र. दुसरं साधं, पारदर्शक पिशवीतलं. आत दिसायला तेच. मला कधी विचार करावा लागायचा नाही. पंचवीस वर्षं मी ठाण्यातल्या एका कारखान्यात पर्चेसला होतो. बोल्ट, ग्रीस, हातमोजे, पॅकिंगची खोकी — तोच माल कमी भावात कुठे मिळतो ते शोधायचं, एवढंच माझं काम, आणि त्यात मी हुशार होतो. एकाच शेडमधून एकच माल दोन वेगवेगळ्या खोक्यांत भरून निघताना मी डोळ्यांनी बघितलेला. एका खोक्यावर मोठं नाव, दुसऱ्यावर काहीच नाही. त्यामुळे महागाच्या पाकिटाबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून एक — काय म्हणू — तुच्छता होती. ते घेणाऱ्यांबद्दलही.

आमचं बालपण आंबिवलीला गेलं, कारखान्याच्या चाळीत. आई सगळं सुटं आणायची, कागदाच्या पुड्यांत बांधून. आम्ही दोघं भावंडं त्यावरच वाढलो. मी आणि वैशू. वैशू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. शिकली, बँकेत लागली, लग्न झालं, मेहुणे नोकरीला दुबईत. तिने कल्याणलाच, माझ्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, नव्या टॉवरमध्ये घर घेतलं. ती बदलली असं मी मनात म्हणायचो. बदलली होती का? नाही. तिच्याकडे पैसे आले होते, एवढंच.

मग माझा कारखाना गुजरातला गेला. मी नाही गेलो. एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसलो. मंगल ठाण्याला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला होती, सकाळी आठला निघायची. घर माझ्या अंगावर आलं — भाजी, किराणा, स्वयंपाक. खोटं नाही सांगत, मला ते आवडायला लागलं. भाकरी तर मी मंगलपेक्षा चांगली थापायचो. दुकानात कुठलं तेल, कुठली डाळ, कुठला चहा, यात पुन्हा तोच पर्चेसवाला होऊन हिंडायचो. आणि वैशूची सायली शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायची. दुपारी जेवायची, अभ्यास करायची, संध्याकाळी सातला वैशू ठाण्याहून आली की घरी जायची. जिन्यातूनच तिची हाक यायची, "मामा, आज काय केलंयस?"

सायली दहा वर्षांची असताना तिचं निदान झालं. सिलिअ‍ॅक. गव्हात जो चिकट अंश असतो तो तिच्या आतड्याला सहन होत नाही. थोडाही नाही. पोळी बंद, बिस्किटं बंद, शेवया, रवा, मैदा सगळं आयुष्यभरासाठी बंद. वैशूने मला समोर बसवून समजावलं, एखाद्या नव्या माणसाला काम समजावतात तसं. माझ्या स्वयंपाकघरात तिने एक फळी मोकळी केली. त्यावर ठाण्यातल्या माजिवड्याच्या एका मोठ्या दुकानातून आणलेली सीलबंद पाकिटं ठेवली — ज्वारीचं पीठ, बेसन, मसाला, हिंगाची डबी. सगळ्यांवर लिहिलेलं, यात गव्हाचा अंश नाही. वेगळा तवा, वेगळी परात.

"दादा, साधं चक्कीचं पीठ नको हं," ती म्हणाली. "तिथे आधी गहू दळलेला असतो. चिमूटभर राहिलं तरी तिला त्रास होतो. तुझ्या डब्यांतलं काहीच तिच्यासाठी वापरू नकोस."

तुझ्या डब्यांतलं काहीच. ती हे किती मायेने बोलली होती ते मला आज ऐकू येतं. त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं की माझ्या घरातलं अन्न तिच्या मुलीच्या लायकीचं नाही.

तरी पहिले काही महिने मी सगळं नीट केलं. पाकीट वेगळं, तवा वेगळा, हात धुऊन मग पिठात हात. सायली सुधारली. गाल भरले, पोट दुखायचं थांबलं. जिना चढताना धापा टाकायची ती आता पळत यायला लागली. भाऊबीजेला वैशूने मला ओवाळलं, आणि ताटात काय टाकायचं या विचाराने असेल, किंवा दुबईहून सुट्टीवर आलेले मेहुणे समोर बसले होते म्हणून असेल — मी म्हणून गेलो, "आता सायलीचं सामान तू आणायचं नाहीस. मामा आणेल." वैशू नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका मिनिटात मला पुन्हा कमावता झाल्यासारखं वाटलं.

दोनदा मी माजिवड्याला जाऊन ती पाकिटं आणली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पाकीट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मागचं-पुढचं वाचलं. ज्वारीचं पीठ. घटक — ज्वारी. बस. आमच्या इमारतीखालच्या चक्कीवर जी ज्वारी मिळते तीच ना? हे नुसत्या नावाचे पैसे घेतायत, हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? मी पाकीट फळीवर परत ठेवलं आणि बस पकडून कल्याणला आलो.

पैसे नव्हते असं नाही. तेवढे होते. मंगलला सांगितलं असतं तर तिने न बोलता दिले असते. मला बरोबर ठरायचं होतं — हे तुम्हाला पटतंय का? वैशूची ती फळी, ते वेगळे डबे, ते सगळं थोतांड आहे हे मला माझ्यापुरतं सिद्ध करायचं होतं.

खाली जाऊन ज्वारी दळून आणली. चक्कीवाल्याने माझ्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले, मी समोरच उभा होतो. आणि घरी येऊन ते पीठ मी माझ्या डब्यात नाही ठेवलं. सायलीच्या जुन्या रिकाम्या पाकिटात भरलं. तोंड दुमडून क्लिप लावली आणि पाकीट फळीवर जिथल्या तिथे ठेवलं. ज्वारी म्हणजे ज्वारीच यावर माझा एवढा विश्वास होता, तर मग पाकिटात का भरलं? हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारला नाही. उत्तर हाताला माहीत होतं.

त्या दिवशी सायलीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मी तिच्याकडे बारीक नजरेने बघत होतो, आणि काही होत नाही म्हणून आतून खूश होत होतो. मग बेसन. मग मसाला. मग हिंग संपलं, तेव्हा मंगलच्या डब्यातली नेहमीची स्वस्त हिंगाची डबी घेतली — हिंगात काय असणार? पाकीट वरून तेच होतं. आत सगळं माझं.

मंगलने एकदा विचारलं, "हे पीठ संपत कसं नाही रे?" मी म्हणालो, "कालच नवीन आणलं." तिने माझ्याकडे बघितलं, आणि डबा भरून ऑफिसला गेली.

दोन महिन्यांनी सायलीच्या तोंडात फोड यायला लागले. मग पोट. जेवलं की पोट टम्म व्हायचं, ती फरशीवर पालथी पडून राहायची. केस विंचरताना वैशूच्या हातात पुंजके यायचे. वर्गात बाकावर झोपायला लागली. जिन्यातली हाक बंद झाली, ती एकेक पायरी चढून यायची आणि आधी दप्तर टेकवून खुर्चीत बसायची. मी तिच्यासाठी ताक करायचो. ताकाला हिंग लावायचो, पोटाला बरं म्हणून. हो — तेच हिंग.

मला शंका आली नाही का? आली. एका बाजूला आली आणि दुसऱ्या बाजूला मी तिला हाकलली. हवा बदलली असेल. शाळेतलं पाणी असेल. एकदा सुरू केलेलं थांबवायचं म्हणजे चुकलो हे स्वतःशी मान्य करायचं, आणि ते मला जमत नव्हतं. समोर एक मुलगी वाळत चाललेली, आणि मला ते जमत नव्हतं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सायलीच्या शाळेच्या फाटकाबाहेर समोशाची गाडी लागायची. एक दिवस मी तिला आणायला गेलो, तर ती गाडीपाशी मैत्रिणीबरोबर उभी. मैत्रीण खात होती. तिने समोशाचा तुकडा मोडून सायलीपुढे धरला. सायलीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. मी रस्त्याच्या पलीकडून हे सगळं बघितलं. घरी येताना तीच म्हणाली, "मामा, ती मला देत होती, पण मी नाही घेतला. वास इतका मस्त येत होता ना." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "शहाणी माझी."

हे लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो.

मार्चमध्ये वैशूने रजा घेतली आणि सायलीला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त आधीच तपासायला दिलेलं. दुपारी बाराच्या सुमाराला तिचा फोन आला.

"दादा, रिपोर्ट खूप वाईट आलाय. पहिल्यापेक्षा वाईट. डॉक्टर म्हणतात तिच्या पोटात रोज गहू जातोय. रोज. मी येतेय तुझ्याकडे. सगळी पाकिटं बघायचीयत मला, एकेक."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेलो. माझ्याकडे तासभर होता. माजिवड्याला जाऊन यायला तेवढा पुरत नाही. चष्मा लावला, आणि ती स्वस्त हिंगाची डबी हातात घेऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. आयुष्यभर लेबलं वाचत आलेला माणूस मी, हे एक वाचलं नव्हतं. घटक — गव्हाचं पीठ. पहिलंच. हिंग त्याच्यानंतर.

तोपर्यंत मी म्हणू शकत होतो की मला माहीत नव्हतं. त्या क्षणानंतर नाही. यापुढे जे सांगतोय ते सगळं मी माहीत असताना केलंय.

सगळं पीठ फेकावं असं वाटलं. पण मग काल काय वाढलं ते वैशू विचारेल. पाकीट तसंच ठेवलं. वर तारीख छापलेली होती, ती कधीच उलटून गेली होती. मी कात्री घेतली आणि पाकिटाचा वरचा पट्टा तारखेसकट सरळ कापून काढला, मालाची तारीख कुठे छापतात ते मला बरोबर माहीत. पुन्हा दुमडलं, क्लिप लावली. बेसनाचं तसंच केलं. मसाल्याचंही. पट्ट्यांचे बारीक तुकडे करून कागदात गुंडाळले आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. हिंगाची डबी मात्र हातातच राहिली होती, आणि बेल वाजली. मी ती पँटच्या खिशात टाकली आणि दार उघडलं.

वैशूने चपला काढल्या आणि सरळ फळीकडे गेली. एकेक पाकीट उचललं, पुढून-मागून वाचलं, उघडून वास घेतला. पिठात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. मी दारात उभा. खिशातल्या डबीचं झाकण सैल असावं, हिंगाचा वास येत होता — का मलाच येत होता? सायली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझ्या दंडाला गाल लावून. ती एवढी हलकी झाली होती की टेकलेली कळत नव्हती.

वैशू वळली. "दादा, इथे काही बदललंयस का तू? चुकून? रागावणार नाही मी. मला फक्त सांग."

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. नाही. रागावणार नाही असं तिने आधीच सांगितलं होतं. दार तिने स्वतः उघडून धरलं होतं. आणि मी म्हणालो, नाही.

तिने मान डोलावली. तिचा विश्वास होता. ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मग डॉक्टर म्हणतात तेच असेल. या वयात मुलं बाहेर खातात आणि सांगत नाहीत." ती हे बोलत होती, पण तिला ते खरं वाटत नव्हतं. तिची नजर अजून त्या फळीवर होती. ती पुन्हा उठेल, पुन्हा पाकीट उचलेल, कापलेली कड बघेल — असं मला वाटलं. त्या भीतीने मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं.

"शाळेबाहेर समोशाची गाडी असते," मी म्हणालो. "मी एकदा तिला तिथे उभी बघितलेलं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तिला तिथे बघितलं होतं. तिने खाल्लं नव्हतं, तेही बघितलं होतं.

माझ्या दंडावरचा गाल बाजूला झाला.

वैशूने तिला समोर ओढलं. "खाल्लंस तू?"

"नाही आई."

"गाडीपाशी उभी होतीस की नाही?"

"होते, पण मी नाही खाल्लं. शप्पथ." मग ती माझ्याकडे वळली. "मामा, तू सांग ना. तुला माहितीये ना. तू सांग ना आईला."

ती वाट बघत होती. अकरा वर्षांची मुलगी, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कारण तिच्याकडे साक्षीदार होता. मामाने बघितलंय, आता मामा सांगेल. तो चेहरा मला अजून दिसतो. किती वेळ होता तो? चार सेकंद? पाच?

मी म्हणालो, "खरं बोल, बाळा. कुणी रागावणार नाही."

वैशूचेच शब्द. तिने मला दिलेले, मी तिच्या मुलीवर फिरवले.

वैशूने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग तिचा हात उठला. वैशूने त्याआधी तिला कधी मारलेलं मला माहीत नाही. एकच थप्पड, पण आवाज मोठा झाला. आणि मग वैशूच रडायला लागली, "मरशील तू अशाने, कळतं का तुला, मी रोज मरतेय आणि तू —" असं काहीतरी. सायली आईला रडताना बघत उभी राहिली. गाल लाल झालेला. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "हो. खाल्लं."

"किती वेळा?"

"रोज."

रोज. डॉक्टरांनी तोच शब्द वापरला होता, तो तिने ऐकला होता, आणि आईला हवा तो तिने देऊन टाकला. ती हे म्हणाली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो, आणि सुटलो असं मला वाटलं. हेही लिहितो, कारण हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहून काय उपयोग? भाची माझ्या डोळ्यांपुढे माझा गुन्हा अंगावर घेत होती आणि माझ्या छातीवरचा दगड हलला. मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर मी फळीवरचं सगळं फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी मंगल ऑफिसला गेल्या गेल्या बस पकडली आणि माजिवड्याहून सगळी खरी पाकिटं आणली. त्यानंतर एकदाही चुकवलं नाही. एकदाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये. यामुळे काय झालं ते ऐका.

सायली बरी झाली. तोंडातले फोड गेले, महिन्या-दोन महिन्यांत पोट शांत झालं, सहा महिन्यांनी रिपोर्टमधले आकडे उतरले. आणि हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. "बघ," वैशू सगळ्यांना सांगायची, "बाहेरचं बंद केलं आणि कशी सुधारली." कोण नाही म्हणणार? मुलीने कबूल केलेलं, आणि त्यानंतर ती बरीही झालेली. मी जितकं नीट करत गेलो, तितकी ती खोटी ठरत गेली.

त्या वर्षी तिला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. वाढदिवसाला कुठे बोलावलं तर वैशू आधी त्या घरी फोन करायची — जरा लक्ष ठेवा, ती चोरून खाते. ते शब्द सायली शेजारी उभी राहून ऐकायची. त्या समोसेवाल्या मैत्रिणीशी बोलणं तोडायला लावलं. वैशू दप्तर रोज उलटं करून बघायची. मीही बघायचो. वैशूने सांगितलेलं, दादा, तूही बघत जा, म्हणून मी तिच्यासमोर तिचं दप्तर उलटं करायचो, कंपास उघडायचो, आणि ती बाजूला भिंतीला टेकून उभी राहायची. माझ्याविरुद्ध ती एक अक्षर बोलली नाही. मामा, तू असं का सांगितलंस, हे तिने कधीच विचारलं नाही. मी वाढेन ते खायची, ताट उचलून ठेवायची, पुस्तक घेऊन बसायची. सातवीनंतर ती म्हणाली की ती दुपारी एकटी घरी राहू शकते. वैशूने आधी नको म्हटलं, मग चावी दिली.

सांगायला मला नऊ वर्षं मिळाली. त्यातला कुठलाही दिवस चालला असता. आधी म्हणायचो, ती पूर्ण बरी होऊ दे. मग म्हणायचो, दहावी होऊ दे. मग वाटलं, विसरली असेल, कशाला उकरायचं. वैशू मला देवमाणूस समजते. मेहुण्यांच्या घरी कार्य असलं की मला पुढच्या रांगेत बसवते आणि सांगते, माझ्या मुलीला दादाने सांभाळलं, वेगळं रांधून घातलं. मी नको-नको म्हणतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

गेल्या महिन्यात वैशूकडे जेवायला गेलो होतो. सायली आता वीस वर्षांची आहे, ठाण्याला कॉलेजात जाते. तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. जेवताना वैशूने तो किस्सा काढला — आता तो किस्सा झालाय, हसत सांगायचा — आमच्या बाईसाहेब लहानपणी रोज समोसे चापायच्या आणि वर शपथा घ्यायच्या. मैत्रिणी हसल्या. सायलीही हसली. म्हणाली, "मी ना, भयंकर खोटारडी होते. एक नंबर."

जेवणं झाल्यावर ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी मागे गेलो. मला काय बोलायचं होतं ते मलाच माहीत नव्हतं. विचारलं, "सायली, तुला आठवतं का गं ते? समोसे खाल्लेले?"

तिने दोरीवरचा टॉवेल काढला, घडी घातली.

"खरं सांगू? खाल्लेलं काही आठवत नाही मामा," ती म्हणाली. "नाही खाल्लं असंच आठवतं. पण ते कसं शक्य आहे? खाल्लंच असेल ना. नाहीतर मग बंद केल्यावर मी बरी कशी झाले?" मग म्हणाली, "मला ना, त्यानंतर माझ्या स्वतःच्या आठवणीवर विश्वासच नाही बसत. परीक्षेत पण उत्तर येत असतं, आणि मी खोडते."

ती हे अगदी सहज बोलली, दुसरा टॉवेल काढता काढता. मी "हं" म्हणालो आणि आत जाऊन बसलो. वैशूने बडीशेप पुढे केली. मी घेतली.

सायलीला बरोबर आठवतंय. तिने समोसा खाल्ला नव्हता, एकदाही नाही. गहू तिच्या ताटात मी वाढत होतो.